बासिरेचा धूर

अयालाच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. 'राहून गेले' हे शब्दही सागिंदिकला प्रामाणिक वाटत नसत. राहून जाते ते विसरलेले काम, आणि हे पत्र तर त्याला रोज आठवत होते. सफरचंदे उतरवायच्या दिवसांत ते अस्तानाहून आले होते, वहीच्या रेघी कागदावर निळ्या शाईने लिहिलेले. शाळकरी पोरगी आजोबांना टपालाने पत्र पाठवते याचे पोस्टमनलाही नवल वाटले होते. आत एवढेच होते :

'आजोबा, तोलेगेनमामा माझी व्होल्गा चालवतात तेव्हा तिचा धूर कुठे जातो? मला नीट लिहून कळवा. फोनवर नको. फोनवर तुम्ही घाबरता. – अयाला.'

फोनवर तो घाबरत असे हे खरे होते. पण कागदासमोर तो त्याहून जास्त घाबरतो, हे पोरीला कुठून कळणार? शाळेच्या पुस्तकांची मुद्रिते तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक त्याला पान नीट उघडायच्या आत दिसे, आणि स्वतःचे वाक्य लिहिले की त्यात चुकांशिवाय काहीच दिसत नसे. 'प्रिय अयाला, धूर वर जातो' असे त्याने लिहिले. ते खोटे होते. 'धूर हवेत विरून जातो' हे वाक्य त्याने स्वतःच कधीतरी चौथीच्या पुस्तकात तपासून पुढे पाठवले होते, पण अल्माटीत एक हिवाळा काढलेल्या कुणालाही ते वाचून हसू आले असते. 'तुला हे का विचारावेसे वाटले?' इथे तो थांबला. का ते आपल्याला ठाऊक आहे, असे त्याला वाटले. पोर जाब विचारत होती. आणि तिचे चुकत नव्हते.

प्रत्येक मसुदा तो चुलीत टाकी. भिंतीतली ती पांढरी चूल त्याच्या बायकोने, झिलिखाने, घातली होती, आणि ती होती तोवर दर शरदात स्वतःच्या हाताने तिला चुना लावत असे. तिच्यातल्या कोळशावर कागद क्षणात वळे, काळा होई आणि नाहीसा होई. धुराविषयीची सगळी उत्तरे अशी धुराड्यातून निघून गेली.

मग अयाला फोनवर यायची बंद झाली. "झोपलीय," शोल्पान सांगे. "अभ्यास करतेय." आपली मुलगी खोटे बोलत असली की आवाज उगाच गोड करते, हे सागिंदिक तिच्या लहानपणापासून ओळखत होता.

आणि आता नौरूजसाठी, वसंतातल्या नववर्षाच्या सणासाठी, मायलेकी आल्या होत्या. पोर त्याच्या अगदी समोर बसली होती. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बाउरसाकांचा, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग होता, नौरूज-कोझे या दुधातल्या पेजेच्या वाट्या होत्या, आणि सून कुलपाशने उकडलेले मेंढ्याचे डोके रीतीप्रमाणे त्याच्यापुढे आणून ठेवले होते. त्याने सुरीने कान कापला आणि बशीत घालून पुढे केला.

"घे," तो म्हणाला. "कान धाकट्यांचा. म्हणजे मोठ्यांचं ऐकाल."

अयालाने बशीकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"तुम्हीच ठेवा, आजोबा," ती म्हणाली. "तुम्हाला जास्त गरज आहे."

कुलपाशने तोंडाला बाही लावली. "अयाला!" शोल्पान ओरडली. "हे बोलणं झालं?" पोर बाउरसाकाचे बारीक बारीक तुकडे करत बसली, खात मात्र नव्हती. सागिंदिकने बशी हळूच स्वतःकडे ओढली आणि "बरोबरच आहे तिचं," असे काहीतरी पुटपुटला, तेही इतके हलक्या आवाजात की ते कुणालाच ऐकू गेले नाही.

तोलेगेनचे इकडे लक्षच नव्हते. तो गेनाकाकांशी उद्याच्या मिरवणुकीविषयी बोलत होता. जुन्या गाड्यांच्या 'हरीण' मंडळाचे गेनाकाका हे सगळ्यांत जुने सभासद. जन्माने रशियन, पण नौरूजचे जेवण त्यांनी या घरात कधी चुकवले नव्हते. उद्या मंडळाच्या गाड्या वरच्या अंगाने, डोंगराच्या पायथ्यापासून निघून खाली जुन्या चौकात येणार होत्या, आणि यंदा पुढे राहायचा मान व्होल्गाचा होता.

"गॅरेजात आहे, पुसून चकचकीत करून ठेवलीय," तोलेगेन म्हणाला. "बॉनेटवरच्या हरणाच्या शिंगांना तर दात घासायच्या ब्रशने घासलंय."

"शिंगं घास, नाहीतर शेपूट घास," शोल्पान म्हणाली. "मागून निघतो त्याचं काय? गेल्या वर्षी तिच्या मागची गाडी दिसत नव्हती, दादा. निळा पडदा नुसता."

"मागे गेनाकाकांची मॉस्कविच होती. ती दिसली नाही तेच बरं झालं."

"ए!" गेनाकाकांनी चमचा उगारला. "माझी मॉस्कविच तुझ्या बायकोपेक्षा कमी कुरकुरते."

"तेल नाही मिळालं तर मीही कुरकुरेन, काका," कुलपाश आतून म्हणाली.

हसणे विरायच्या आतच शोल्पानने विषय परत धरला. ती अस्तानात शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे आणि घरातही वर्गात उभी असल्यासारखी बोलत असे. "मी पोरांना फळ्यावर लिहून दाखवते, हवेत काय काय असतं ते. आणि सुट्टीत त्याच पोरांपैकी एकीचा मामा भर शहरातून धूर सोडत मिरवतो. मी कुठल्या तोंडाने शिकवू?"

"मिरवतो वर्षातून चार-दोनदा!" तोलेगेनने मांडी बदलली. "समोरचा तो जीपवाला पोराला शाळेत सोडायला रोज दोन गल्ल्या गाडीने जातो, त्याला जाऊन शिकव. तो दर तीन वर्षांनी नवी गाडी घेतो. नवी गाडी काय झाडाला लागते? लोखंड वितळवताना धूर होत नाही? मी एकच गाडी पणजोबापासून पणतीपर्यंत चालती ठेवलीय. याहून मोठी काटकसर दाखव मला."

सागिंदिकला ते पटले. दुसऱ्याच क्षणी, शोल्पान बोलू लागली तेव्हा, तेही पटले.

"काटकसर मान्य, दादा. मग इंजिन तेवढं काढ. बॅटरीवर चालव. आमच्याकडे एकाने केलंय तसं. बाहेरून तीच गाडी."

गेनाकाकांच्या हातातला चमचा वाटीत पडला. "बॅटरीवर? घोडा मारायचा, कातड्यात भुसा भरायचा, आणि वर म्हणायचं, बघा कसा उभा आहे? मंडळातून नाव काढून टाकीन मी तिचं!"

"काढा की. मुलांची फुफ्फुसं तुमच्या मंडळाची सभासद नाहीत."

"बाबा, तुम्ही सांगा," तोलेगेन म्हणाला. "गाडी तुमच्या वडिलांची. उद्या न्यायची की नाही?"

"हो बाबा, तुम्हीच सांगा," शोल्पानही म्हणाली. या एका गोष्टीवर भावाबहिणीचे एकमत झाले.

सगळ्यांची तोंडे त्याच्याकडे वळली. घरातल्या थोरल्याने शेवटचा शब्द बोलायचा असतो. वडील, जकीप, घोड्यांचे डॉक्टर, असे बोलत की अंगणातला कुत्रासुद्धा खाली बसे. सागिंदिकच्या वाट्याला त्यांची गाडी आली होती, तो आवाज आला नव्हता.

"तोलेगेन म्हणतो त्यात... म्हणजे तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "आणि शोल्पानचंही काही अगदीच..."

"झालं," तोलेगेन म्हणाला. "बाबांनी निकाल दिला."

तेवढ्यात कुलपाश किटली घेऊन आली. पाहुण्याला चहा अर्धी वाटीच ओततात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो. तिने नवऱ्याची वाटी काठोकाठ भरली. ऊठ आणि नीघ, असा त्याचा अर्थ.

"हे काय?" तोलेगेन वाटीकडे बघत म्हणाला.

"अहो, तुम्ही भांडताय, वन्सं भांडतायत, काका नावं काढतायत," कुलपाश म्हणाली. नणंदेचे नाव तिने लग्न झाल्यापासून तोंडातून काढले नव्हते. "गाडी कोणाची, ते कोणी विचारत नाही. बाबांची नाही ती. बासिरे आहे."

"हां हां!" गेनाकाकांना आठवले. "तुम्ही लोक बाळाच्या नावाने शिंगरू सोडता, ते ना?"

"तेच. बाळ ज्या दिवशी जन्मलं त्या दिवशीचं शिंगरू बाळाचं. ते विकायचं नाही, कापायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय त्याच्यावर बसायचंसुद्धा नाही. आणि ही व्होल्गा अयालाची बासिरे आहे."

"अगं, ती गंमत होती!" तोलेगेन म्हणाला.

"कसली गंमत? वन्सं मागच्या सीटवर ओरडत होत्या, बाहेर बर्फ, रुग्णवाहिका येते येते म्हणून आलीच नाही, आणि पोर चढावर गाडीतच झाली. माझ्या या हातांत झाली. सासूबाईंनी शालीत गुंडाळली. आणि बाबांनी पुढच्या सीटवर तळहात पसरले आणि म्हणाले, आज आपल्याकडे शिंगरू झालेलं नाही, तेव्हा हीच तिची बासिरे. आपण सगळे 'ओमिन' म्हणालो. तुम्हीपण."

"मी गाडी चालवत होतो!"

"म्हणून तर लक्षात आहे. स्टिअरिंग सोडून दोन्ही हात तोंडावरून फिरवलेत. रस्त्याकडेच्या पाटात जायचो आपण सगळे, बाळासकट."

गेनाकाका डोळे पुसेपर्यंत हसले. शोल्पानलाही हसू आवरले नाही. ती कथा तिच्यावरच बेतलेली असूनही दर वेळी ती हसत असे. पण सागिंदिक नातीकडे बघत होता. ती हसली नव्हती. तिने बाउरसाकाचे उरलेले तुकडे एका ओळीत लावून ठेवले होते.

"बरं," तोलेगेन म्हणाला. हरल्यावर तो मोठेपणा दाखवी, हा त्याचा चांगला गुण. "मालकीणबाई, बोला. काय करायचं तुमच्या घोडीचं?"

"मला माहीत नाही," अयाला म्हणाली. "मी आजोबांना विचारलं होतं. पत्र लिहून."

आता पळायला जागा नव्हती. सागिंदिकने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आलं होतं पत्र," तो म्हणाला. "मी लिहायला बसायचो, पण जमेना. मला वाटलं, तू रागावून विचारलं आहेस. आम्ही हे काय करतोय म्हणून."

अयालाने मान वर केली. तिला खरोखरच काही कळले नव्हते. "रागावून कशाला? मला माहीत हवं होतं. धूर माझा आहे ना."

"तुझा कसा गं?" शोल्पान म्हणाली.

"आई, बासिरेला शिंगरू झालं तर ते कोणाचं?"

"तुझं. म्हणजे, मालकाचं."

"दूध?"

"तेही मालकाचं."

"शेण?"

"मालकाचंच," कुलपाश म्हणाली. "आमच्या गावाला त्यावरून डोकी फुटायची."

"मग धूर?"

गेनाकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मामा व्हिडिओ पाठवतात गाडीचे," अयाला सांगू लागली. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "मी वर्गात दाखवला एक. मागून निळा धूर येत होता. अलुआ म्हणाली, ई, हा कोणाचा धूर? मी म्हटलं, माझा. मला आधी छान वाटलं. मग तिने सांगितलं की तिचा धाकटा भाऊ हिवाळाभर खोकतो. तो अल्माटीतच असतो, तिच्या आजीकडे. मग मला वाटलं, तिथपर्यंत जातो का बघावं. आजोबांना विचारावं. जवळच्या जवळ राहत असेल तर काही नाही. पण आजोबांनी उत्तरच दिलं नाही." तिचा आवाज बारीक झाला. "आजोबांना सगळं माहीत असतं. ते बोलत नाहीत, म्हणजे खूप लांब जात असणार. म्हणजे सगळ्यांकडे जात असणार."

सागिंदिकला वाटले, कुणीतरी आपल्या छातीवरची धोंड उचलून तिथेच दुसरी ठेवली. पोर त्याच्यावर रागावली नव्हती! अख्खा हिवाळा तो ज्याला भ्याला, ते कधी नव्हतेच. पण तोच अख्खा हिवाळा तिने काय वाहिले होते? एका शहराचा धूर, एकटीने, कुणाला न सांगता. आणि त्याच्या गप्प बसण्याने ते ओझे आठवड्यागणिक वाढत गेले होते. फोनवर न येणारी पोर त्याला टाळत नव्हती. डॉक्टर तोंड उघडेल आणि वाईट बातमी सांगेल, या भीतीने रोगी लांब राहतो, तशी ती लांब उभी होती.

आणि मग, कशी कोण जाणे, त्याला वडिलांची आठवण झाली. त्यांचा आवाज नाही, हात. शिंगराचे ओठ वर करून दात बघणारे, एकेक खूर उचलून नखाने खरवडणारे, पोटाला कान लावणारे.

"थांबा," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून इतका क्वचित निघे की तोलेगेनने हातातली काठोकाठ भरलेली वाटी खाली ठेवली. "माझे वडील बासिरे बघायला गावोगाव जायचे. लोक बोलवायचे त्यांना. शिंगरू नीट तपासायचे आणि मगच म्हणायचे, सोडा बाळाच्या नावाने. एकदा एकाचं शिंगरू खोकत होतं. वडिलांनी त्याला बाळाच्या जवळही येऊ दिलं नाही. म्हणाले, आजारी जनावर बासिरे म्हणून देत नाहीत. आधी बरं करा, मग द्या. दुखणं देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नव्हे."

"म्हणजे?" अयाला म्हणाली.

"म्हणजे मी चुकलो. मी तुला खोकणारी गाडी दिली. सकाळ होती, बर्फ होता, तू इतकीशी होतीस, मला काही सुचलं नाही. मी दात बघितले नाहीत." त्याला स्वतःच्याच बोलण्याचे आश्चर्य वाटत होते, वाक्ये एकामागून एक येत होती आणि दुरुस्त करायला मध्ये थांबत नव्हती. "तेव्हा गाडी तुझी. ती तर ओमिन म्हणून दिलेली आहे, परत घेता येत नाही. पण धूर तुझा नाही. एक दिवसही तुझा नव्हता. तो आमचा आहे, आणि तो बरा करणंही आमच्याच अंगावर."

त्याने तळहात पसरले. सगळ्यांनी पसरले. गेनाकाकांनीही, थोडे उशिरा. "गाडी अयालाची," तो म्हणाला. "तिच्यापासून जे चांगलं होईल तेही अयालाचं. धूर आमचा."

"ओमिन," सगळे म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले.

"आज हातात स्टिअरिंग नाही," कुलपाश नवऱ्याला म्हणाली. "नीट म्हणालात ना?"

"म्हणालो, म्हणालो." तोलेगेन भाचीकडे वळला. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात तिच्या, बाळा. तेल जळतं, म्हणून निळं दिसतं. मला कधीपासून माहीत होतं. इंजिन उघडायचं म्हणजे सगळा उन्हाळा जाणार, म्हणून टाळत होतो. आता उघडतो."

"मूळच्याच रिंगा घाल," गेनाकाका म्हणाले. "माझ्याकडे ठेवणीतल्या आहेत."

"मग धूर येणारच नाही?"

तोलेगेन खोटे बोलू शकला असता. सागिंदिकला एक क्षण भीती वाटली की तो बोलेल. "येईल," तोलेगेन म्हणाला. "कमी येईल. दिसणार नाही. पण येईल."

"न दिसणारा कोणाचा?"

"तोही आमचाच," सागिंदिक म्हणाला.

"आणि हा?" कुलपाशने किटलीची तोटी भिंतीतल्या चुलीकडे केली. सगळे तिकडे बघू लागले. चुलीत कोळसा मंद धुमसत होता. बाहेर अंगणातल्या जर्दाळूवर वर्षानुवर्षे बसलेली काजळी इथूनही दिसत होती. "गाडी निघते चार-दोनदा. ही शरदापासून वसंतापर्यंत रोज. गॅसची नळी गल्लीत येऊन दोन हिवाळे झाले. मी राखेची बादली उचलते म्हणून नाही म्हणत हं. पण आता मालकी ठरवतोच आहोत, तर सगळ्याच धुराची ठरवू."

शोल्पानने वहिनीकडे पाहिले. ही गोष्ट दोघींनी पूर्वी फोनवर बोललेली असणार, हे सागिंदिकच्या ध्यानात आले. आणि तोलेगेनही छताकडे बघत होता, म्हणजे त्यालाही माहीत होती. सगळ्यांना माहीत होती. त्याच्यापाशी काढायचे धाडस कुणाला झाले नव्हते, कारण चूल झिलिखाची होती.

त्याने चुलीच्या पांढऱ्या भिंतीवर हात ठेवला. गरम होती. वाचत बसताना तो तिला पाठ टेकून बसे.

"गॅस घ्या," तो म्हणाला. "चूल पाडू नका. आग नको, चूल राहू दे. चुना मी लावीन."

"अहो, पाडतंय कोण!" कुलपाश म्हणाली आणि एकाएकी रडायलाच लागली, आणि रडता रडता तिने सासऱ्याची वाटी नीट, अर्धीच, भरली.

अयाला उठून त्याच्याजवळ येऊन बसली. तिने बशी पुढे ओढली.

"आता कान द्या," ती म्हणाली.

"अर्धा," सागिंदिक म्हणाला. "अर्धा मला लागेल."

तिने त्याचा चांगला मोठा घास घेतला. मग समोरचे बाउरसाकाचे तुकडे एकेक करून खाल्ले, मग कोझेची वाटी संपवली, मग दुसरी मागितली. शोल्पान बघत राहिली. "हिवाळाभर चिमणीसारखी खात होती," ती हळूच म्हणाली. "मी डॉक्टरकडे नेणार होते."

"मामा," तोंडात घास असतानाच अयालाने विचारले, "इंजिन न लावता ती चालते का?"

"उतारावर चालते की. पेट्रोल मिळायचं नाही तेव्हा पणजोबा अशीच खाली आणायचे. आजच्या गाड्यांचं इंजिन बंद केलं की ब्रेक दगड होतो, चाक वळत नाही. हिला त्या भानगडीच नाहीत. हिला कळतसुद्धा नाही इंजिन बंद आहे ते." आणि तो बोलता बोलता थांबला. या शहरात सगळेच डोंगराकडून खाली उतरते. पाट, रस्ते, पाणी. उद्याची मिरवणूक वरून खाली होती. गॅरेजही वरच होते. "उद्या अख्खा रस्ता उताराचा आहे," तो म्हणाला.

सगळे गेनाकाकांकडे बघू लागले. त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

"पणजोबा असं करायचे," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे मूळची पद्धत झाली. माझी हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी व्होल्गा गॅरेजाच्या दारातून निघाली ती हाताने ढकलत. मग सगळे आत बसले : तोलेगेन स्टिअरिंगपाशी, त्याच्या शेजारी अयाला, मागच्या सीटवर कुलपाश, शोल्पान आणि मध्ये सागिंदिक. रस्त्यावर येताच गाडीने स्वतःच वेग धरला. हरीण पुढे झेपावले आणि आवाज काहीच आला नाही. या गाडीत बसून बाहेरचे कधी ऐकू येते हे सागिंदिकला ठाऊकच नव्हते. पाटातले पाणी ऐकू येत होते. पॉपलर झाडांच्या रांगेत कावळे भांडत होते ते ऐकू येत होते. कुणीतरी दोन तारांचा दोम्बरा सुरात लावत होते. मागून गेनाकाकांची मॉस्कविच ठसकत, धुरकटत येत होती. त्यांनी मात्र स्वतःला कसलीच सवलत दिली नव्हती आणि कुणाला मागितलीही नव्हती.

"बंद पडली का हो?" पदपथावरून पोरे ओरडत. "धक्का देऊ?"

"जिवंत आहे!" अयाला खिडकीतून ओरडे. "श्वास रोखून धरलाय तिने!"

ब्रेक तापले तसे तोलेगेनने वाटेत थांबून त्यांना निवू दिले. लोक टाळ्या वाजवत होते. का वाजवतोय ते बहुतेकांना माहीत नव्हते. आणि मग चौक दिसू लागला तिथेच जमीन सपाट झाली, गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि वाजंत्र्यांच्या पुष्कळ अलीकडे थांबली.

"उतरा," तोलेगेन म्हणाला. "बाबा, तुम्ही स्टिअरिंग धरा."

"मी? मी कित्येक वर्षांत..."

"तुम्हाला फक्त सरळ न्यायचीय."

सागिंदिक पुढे सरकला. ते मोठे पातळ चाक त्याच्या हातांना ओळखीचे वाटले. मागे कुलपाश, शोल्पान, तोलेगेन खांद्याला खांदा लावून ढकलत होते. आरशात दिसले की गेनाकाकांनी भर रस्त्यात मॉस्कविच बंद करून सोडून दिली आहे आणि टोपी मागे सारून तेही धावत येत आहेत. दोघे भाऊबहीण एकमेकांना काहीतरी टोचून बोलत होते आणि हसत होते. शेजारच्या सीटवरून अयाला हुकूम देत होती, "डावीकडे, आजोबा. थोडं डावीकडे. बास." तो तसेच करत होता. वाजंत्री वाजू लागली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आले की आपण घाबरलेलो नाही.

मिरवणुकीनंतर त्यांनी गाडी ढकलत ढकलत घरच्या अंगणात जर्दाळूखाली आणून लावली. इंजिन तिथेच उघडायचे ठरले. वर परत न्यायची वेळ येईल तेव्हा घोडे लावू, असे अयालाने जाहीर केले. त्यावर तोलेगेनचा जो चेहरा झाला, तो कुलपाशला हसायला दिवसभर पुरला.

निरोपाच्या वेळी, फाटकाशी, अयाला सागिंदिकच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही हं."

"सगळं बोललो की आपण."

"बोललात. मी लिहून विचारलं होतं."

चूल विझवलेली होती. गॅस यायला अजून वेळ होता आणि संध्याकाळ गार होती, म्हणून तो अंगावर कोट घालूनच टेबलाशी बसला. त्याने लिहिले :

'प्रिय अयाला, तू विचारलेस, धूर कुठे जातो. तो इथे खाली येतो. डोंगर त्याला पुढे जाऊ देत नाहीत. तो जर्दाळूवर बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, आणि अलुआच्या भावाकडेही जातो. लांब जातो हे तुझे बरोबर होते. तो आमचा आहे, म्हणून आम्ही तो आवरायला घेतला आहे. अजून सगळा आवरलेला नाही. गाडी तुझी, ती छान आहे, काल तिच्यावर चिमणी बसली होती. पुढच्या पत्रात लिही, शाळेत काय चालले आहे. मी उत्तर देईन. – आजोबा.'

कागद जाळायला आता आगच नव्हती. त्याने तो घडी करून पाकिटात घातला, पाकीट चिकटवले, आणि सकाळी टपाल कचेरीच्या वाटेवर त्याला आठवले की दुसऱ्या वाक्यात त्याने एक शब्द चुकीचा लिहिला आहे. एक अक्षर गळले आहे. तो पाटाच्या कडेला थांबला. पाकीट उघडता आले असते. घरी परत जाऊन, स्वच्छ लिहून, उद्या.

खिडकीतल्या बाईने विचारले, "साधं की नोंदणीकृत?"

"साधं," सागिंदिक म्हणाला आणि पाकीट तिच्या हातात दिले.